वाचक विचारतात : शनिवार-रविवारचं तत्त्वज्ञान शिबीर

मागच्या अंकात एक छोटं टिपण आलं होतं : शेतावर किंवा रानालगत दोन दिवस राहून तत्त्वज्ञानाचं शिबीर कसं घ्यावं. त्यावर जी पत्रं आली त्यांत मोक्षाबद्दल एकही प्रश्न नव्हता. पाणी, संडास, जेवण आणि थांबता न थांबणारे काकाजी, हेच जास्त. बरंच झालं. असली शिबिरं शंकराचार्यांपायी बिघडत नाहीत, रिकाम्या टाकीपायी बिघडतात.

प्रश्न : गावापासून दोन किलोमीटरवर आमचं वावर आहे. विहीर, दोन खोल्या, मोठा कडुनिंब. वीस जणांचं शिबीर तिथं होईल का, की मेळघाटातलं एखादं विश्रामगृह पाहावं? महिना कोणता धरावा?
(एक शिक्षक, दर्यापूर तालुका)

वावरच धरा. जंगलात नेलेली माणसं जंगल पाहायला आलेली असतात. पहिल्या सत्रापासून नजर झाडीत, आणि दुपारपर्यंत कुणीतरी “जिप्सी कधी निघणार?” विचारतोच. शेतात पाहण्यासारखं फार नसतं, हाच त्याचा गुण.

दिवाळी आटोपल्यापासून जानेवारी संपेपर्यंतचे दिवस उत्तम. मार्चच्या मध्यानंतर दुपारी झाडाखालीही बसवत नाही. पावसाळ्यात एक जोराची सर आली की काळ्या रानातली पांदण बंद, आणि वीस जणांसाठी आणलेलं दूध फाट्यावर. पावसाळा सरताना, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, उंच गवतात सतरंजी टाकून बसू नका. तिथल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा ताप येतो. तो विदर्भाला नवा नाही.

हिवाळ्यातही एक अडचण आहेच : तेव्हाच कापसाची वेचणी चालू असते. खोल्यांत कापूस भरलेला असेल तर तिथं माणसं झोपवू नका. अंगाला खाज सुटते, आणि विडीची एक ठिणगी पुरते. खोल्या मोकळ्या करता येत नसतील तर तारीख पुढं न्या.

तुमचा तालुका खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेला. विहिरीचं पाणी आंघोळीला चालेल, पण त्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी बोटानं दबत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज आठ लिटर धरा. वीस जण, दीड दिवस, म्हणजे 240 लिटर : वीस लिटरचे बारा कॅन. वापरायला माणशी तीस लिटर. म्हणजे हजार लिटरची टाकी भरलेली हवी. ती शुक्रवारीच भरा. शेतीच्या फिडरवर थ्री फेज दिवसा येणार की रात्री, हे आठवड्यागणिक बदलतं, आणि शनिवारी सकाळी मोटर सुरू होईल या भरवशावर राहिलेल्यांची आंघोळ रविवारी संध्याकाळी घरी होते.

संडास वीस जणांना निदान दोन, दार आतून लागणारे, आत बल्ब नाहीतर टांगलेला कंदील. “शेतच आहे, भागवून घेतील” असं म्हणू नका. त्या एका वाक्यानं बायका येत नाहीत, आणि आल्याच तर पाणी कमी पितात आणि दुपारी त्यांचं डोकं दुखतं.

प्रश्न : शनिवारी पाच आणि रविवारी चार व्याख्यानं अशी आखणी केली आहे. सांख्य, वेदान्त, बौद्ध, जैन, चार्वाक, पाश्चात्त्य… एखादं राहिलं असेल तर सुचवा.
(ग्रंथालय कार्यकर्ते, आर्वी)

राहिलेलं काही नाही. नवातली आठ काढा.

नऊ व्याख्यानं ऐकायची तर जिल्ह्याच्या गावी सभागृह आहे, पंखे आहेत. निवासी शिबिराचा फायदा एवढाच की सकाळी निघालेला प्रश्न रात्री शेकोटीपाशी पुन्हा निघू शकतो. त्यासाठी दोन दिवसांना प्रश्न एकच लागतो, वाचायला एकच लहान उतारा लागतो आणि मध्ये रिकामा वेळ लागतो. नऊ विषय दिले की रात्री शेकोटीपाशी राजकारण निघतं.

चार सत्रं पुष्कळ झाली, प्रत्येकी सव्वा ते दीड तास. शनिवारी दहापर्यंत पोचणं. अकरा ते साडेबारा उतारा. एक वाजता जेवण. दोन ते साडेतीन काहीही नाही. ही दीड तासाची सुट्टी संयोजकांना खुपते आणि ते तिथं “परिचय सत्र” कोंबतात. कोंबू नका, माणसं तशीही झोपतातच, फक्त बसून झोपतात. पावणेचार ते सव्वापाच संवाद (तो कसा घ्यायचा ते पुढं आलं आहे). डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. त्याआधी सगळे मोकळ्या रानातून फिरून परत आलेले हवेत. रात्री सत्र नाही. रविवारी उठल्यापासून न्याहारीपर्यंत मौन, नऊ ते साडेदहा संवादाचा उरलेला भाग, अकरा ते सव्वाबारा शेवटचं बसणं, मग जेवण आणि परत. शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधी विचारून ठेवा. तिच्या आधीच्या तासात कुणीच विचार करत नाही, सगळे पिशव्या बांधतात.

राहिलेलं एक व्याख्यान? ते वीस मिनिटांचं करून उताऱ्याची पार्श्वभूमी म्हणून पहिल्या सत्राच्या सुरुवातीला ठेवा. वक्त्याला मात्र आधी सांगा की तो दोन दिवस राहणार आहे आणि बाकीचा वेळ इतरांसारखाच बसणार आहे. पाहुणा बोलून गाडीत बसून गेला की मागं त्याचीच चर्चा उरते.

प्रश्न : भाऊ, आमच्या गावात रोज सांजच्याले सामुदायिक प्रार्थना होते, वर्साले सप्ताह होते, कीर्तन होते. तत्त्वज्ञान तं तिथंच सांगतेत. मंग दोन दिवस वावरात जाऊन बसाचं कायले?
(एक शेतकरी, मूर्तिजापूर तालुका)

भाऊ, कीर्तन चालूच ठेवा, त्याच्याशी भांडण नाही. फरक इतकाच : कीर्तनात उत्तर बुवांना आधीच ठाऊक असतं, आणि ऐकणाऱ्यानं मधेच उठून “थांबा बुवा, हे काही पटलं नाही” म्हणायची रीत नाही. शिबिरात तेच करायचं असतं. ही रीत बाहेरून आणावी लागते असंही नाही. लीळाचरित्राचं, म्हणजे महानुभावांच्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथाचं, काम याच मुलखात, रिद्धपूरला झालं, आणि त्यातली शिष्या महदाइसा स्वामींना सारखी विचारतच राहते. तिचे प्रश्न गाळले तर कितीतरी लीळा उरणारच नाहीत.

प्रश्न : उतारा कोणता घ्यावा? मूळ संस्कृत किंवा इंग्रजी आमच्या लोकांना जड जाईल. मराठीत, दोन पानांत मावणारं काही?
(महाविद्यालयीन प्राध्यापिका, उमरखेड)

दोन पानंसुद्धा जास्तच होतात. एक पान, मोठ्या अक्षरात, प्रत्येकाच्या हातात कागद. मोबाइलवर पाठवू नका. मोबाइल उघडला की उतारा बाजूला राहतो.

आमची पहिली पसंती मिलिंदप्रश्न या जुन्या बौद्ध ग्रंथातला रथाचा संवाद, आणि त्याचं कारण शेतातच उभं असतं. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे इतिहासातला मिनँडर, भिक्षू नागसेनाला नाव विचारतो. नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरं, पण ते केवळ संबोधन. त्यामागं कुणी व्यक्ती सापडत नाही. राजा चिडतो : मग भिक्षा कोण घेतं, शील कोण पाळतं? केस म्हणजे नागसेन का, नखं म्हणजे नागसेन का? नागसेन उलट विचारतो : महाराज, आपण पायी आलात की रथानं? रथानं. मग दाखवा, रथ कुठं आहे? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? जू?

हे झाडाखाली वाचून झालं की सगळ्यांना उठवून बंडीपाशी, म्हणजे बैलगाडीपाशी, न्या. आधी पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसती बंडी पाहायची. मग एकानं चाकावर हात ठेवायचा : “ही बंडी का?” नाही. दांडीवर : “ही?” नाही. जू, आस, चाकावरची लोखंडी धाव, एकेक करून. पोरं हसतात, हसू द्या. साधारण सहाव्या-सातव्या भागाला कुणीतरी वैतागून म्हणतं, “सगळं मिळून बंडी!” आता विचारा : हे सगळे भाग सुताराच्या अंगणात ढीग घालून ठेवले तर ती बंडी का? नाही, जोडलेले पाहिजेत. जोडले, पण एक चाक काढलं तर? चाक काढलेलीलाही आपण “बंडी मोडली” म्हणतो, “बंडी नाहीशी झाली” म्हणत नाही. मग ती अजून आहे ना?

इथं हमखास एकजण म्हणतो, “म्हणजे बंडी हे फक्त नाव आहे.” सत्र संपल्यासारखं वाटतं, संपवू नका. विचारा : नावावर कापूस भरता येईल का? या प्रश्नावर बंडी हाकणारा माणूस जास्त चांगलं बोलतो आणि तत्त्वज्ञानाचा पदवीधर गप्प होतो, असं पुष्कळदा दिसतं. पुढचा प्रश्न : आजोबांच्या बंडीची चाकं बदलली, मग दांड्या बदलल्या, आता लाकडी चाकं जाऊन रबरी टायर आले, ती आजोबांचीच बंडी का? ग्रीकांकडं हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाचा म्हणून प्रसिद्ध आहे. पण जहाज आपल्यापैकी कुणी हाकलेलं नाही, बंडी हाकली आहे.

या सत्रात बिघडतं ते एका ठिकाणी. पहिल्याच दहा मिनिटांत कुणीतरी “म्हणजे आत्मा नाही असं बौद्ध म्हणतात” असं जाहीर करतं, दुसरा वेदान्ताच्या बाजूनं उभा राहतो, आणि दोन्ही बाजूंना लहानपणापासून पाठ असलेली वाक्यं बाहेर येतात. म्हणून नियम : पहिला तासभर बोलायचं ते फक्त बंडीबद्दल. “मी”, “आत्मा”, “धर्म” हे शब्द बंद. शेवटच्या पंधरा मिनिटांत नागसेनाकडं परत यायचं आणि एवढंच विचारायचं : बंडीला लागू झालं ते माणसाला लागू होतं का, आणि कुठं अडतं? तोवर लोकांकडं स्वतःची उदाहरणं जमलेली असतात.

शेतात बंडी नसेल, ट्रॅक्टरच असेल, तर दुसरा उतारा घ्या : केसोबासांच्या दृष्टान्तपाठ या महानुभाव ग्रंथातला हत्ती आणि आंधळे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. दृष्टान्तपाठाची घडणच शिकवायला सोयीची आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त लागू कसा करायचा ते. गटाला फक्त दृष्टान्त द्या, सूत्र आणि दार्ष्टान्तिक झाकून ठेवा. त्यांनी आपापलं सूत्र एका ओळीत लिहावं, मग मूळ उघडा. “सगळेच थोडेथोडे बरोबर” हे गुळमुळीत उत्तर बहुतेक कागदांवर निघेल. त्यावर विचारा : सगळे चाचपडताहेत हे सांगायला निदान एक डोळस लागतो, तो कोण, आणि आपण डोळस आहोत हे त्याला कसं कळलं?

प्रश्न : ‘सॉक्रेटिक संवाद’ घ्यायचा असं टिपणात होतं. तो नेमका कसा घेतात? आमच्याकडं गटचर्चेत शेवटी हात वर करून बहुमत घेतात.
(बचत गटाच्या कार्यकर्त्या, सिंदेवाही तालुका)

हात वर करणं पहिलं बंद. सध्या जी पद्धत वापरतात ती जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यानं 1922 मधल्या एका व्याख्यानात मांडली, आणि त्याचा शिष्य गुस्ताव हेकमान यानं पुढं घडवली. गट आठ ते दहा जणांचा. वीस असतील तर दोन गट, दोन झाडं, एकमेकांचा आवाज पोचणार नाही इतकं अंतर.

प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर शोधायला पुस्तक किंवा आकडे लागू नयेत आणि प्रत्येकाकडं स्वतःचा अनुभव असावा. “मदत केव्हा उपकार होते?”, “दिलेला शब्द कधी मोडावा?”, “पुरेसं म्हणजे किती?” हे चालतात. “विश्व कसं निर्माण झालं?” चालत नाही, कारण तिथं कुणी हजर नव्हतं. “कर्जमाफी योग्य की अयोग्य?” हाही नको, तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याला माहिती लागते आणि लोक आपापला पक्ष घेऊन बसतात.

मग प्रत्येकानं स्वतःवर गुदरलेला एक प्रसंग दोन मिनिटांत सांगायचा. प्रसंग घडून संपलेला असावा, आजही चालू असलेलं भांडण नको. ऐकीव नको, “समजा एखादा माणूस” नको. त्यांतला एक प्रसंग गट निवडतो. सर्वांत नाट्यमय प्रसंग निवडायचा मोह होतो, साधा निवडा. शेजारणीला उसनं पीठ दिलं आणि ते तिनं जास्तीचं करून परत केलं तेव्हा वाईट का वाटलं, एवढ्यावर तीन तास जातात.

तो प्रसंग आता फळ्यावर दहा-बारा क्रमांकित वाक्यांत लिहायचा, सांगणारीच्याच शब्दांत. “4. तिनं वाटी भरून वर आणखी एक मूठ टाकली. 5. मला वाटलं, हिनं हिशेब मिटवला.” मग गट शोधतो : नेमक्या कोणत्या वाक्यात मदतीचा उपकार झाला? चार की पाच? इथं खरं काम सुरू होतं. ज्या वाक्यावर बोट ठेवलं त्याचं कारण विचारायचं, कारणामागचं कारण विचारायचं, आणि जे तत्त्व हाती लागेल ते फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहून बाकीच्या प्रसंगांवर घासून पाहायचं. बहुधा तिसऱ्या प्रसंगावर ते तुटतं. मग दुरुस्त करायचं.

चालकानं, म्हणजे संवाद घेणाऱ्यानं, स्वतःचं मत द्यायचं नाही, अजिबात नाही. त्याची वाक्यं तीन-चारच : “हे फळ्यावर कसं लिहू?” “ताईंनी काय म्हटलं ते तुमच्या शब्दांत सांगता?” “हे कोणत्या वाक्याला धरून?” “सगळ्यांना पटलं, की कंटाळून हो म्हणताय?” शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्याकडं वडीलधाऱ्यासमोर “हो” म्हणणं हा शिष्टाचार आहे, मत नव्हे. ज्ञानेश्वर, तुकाराम, आंबेडकर, कुणाचाही दाखला द्यायचा नाही हाही नियम पाळा. ते लोक मोठे म्हणूनच नको. त्यांचं नाव आलं की पुढचा माणूस विचार थांबवून मान डोलावतो.

वेळ साधारण असा लागतो : प्रश्न ठरवायला पाव तास, प्रसंग सांगायला अर्धा, निवडायला पाव, लिहायला अर्धा. पहिलं सत्र इथंच संपतं. पृथक्करण रविवारी सकाळी. मध्ये गेलेली रात्र वाया जात नाही. सांगणारीला बहुधा एक विसरलेलं वाक्य आठवतं आणि चित्र बदलतं. एकमत झालं नाही तर तसंच सोडा, फक्त मतभेद कोणत्या वाक्यावर आहे ते फळ्यावर स्पष्ट लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या गटात एक निवृत्त काकाजी आहेत. चांगले आहेत, पण सुरू झाले की थांबत नाहीत. त्यांना न दुखवता काय करता येईल?
(नाव-गाव छापू नये अशी विनंती)

छापत नाही, तसाही हा प्रश्न विदर्भातल्या कुठल्याही गावाहून येऊ शकतो.

उताऱ्याच्या सत्राला प्रत्येकाच्या हातात पाच चिंचोके द्या. बोललं की एक चिंचोका मधल्या ताटलीत. संपले की ऐकायचं. नियम सर्वांना सारखा असल्यानं कुणाचा अपमान होत नाही. पहिल्या दहा मिनिटांत काकाजींचे पाचही जातात, आणि मग पाऊण तास ते ऐकतात, कदाचित पुष्कळ वर्षांनी. उलट ज्या पोरीचे पाचही हातातच आहेत तिच्याकडं सगळ्यांचं लक्ष जातं. तिला “बोल ना” म्हणायचं नाही, नुसतं थांबायचं. संवादाच्या सत्रात मात्र चिंचोके नकोत, तिथं एकालाच सलग बोलावं लागतं. तिथं फळा काकाजींकडं द्या : “काकाजी, अक्षर तुमचं चांगलं, वाक्यं तुम्हीच लिहा.” दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिणारा माणूस त्याच वेळी बोलू शकत नाही.

प्रश्न : पहाटे साडेपाचला जंगलाच्या कडेनं मौनात चालायचं ठरवलं आहे. सोबत किती अंतर ठेवावं?
(युवक मंडळ, ब्रह्मपुरी तालुका)

अंतराचा प्रश्नच नाही. हे करू नका. तुमच्या भागात वाघ आहे, अस्वल आहे, आणि दोघांचीही वर्दळ पहाटे आणि तिन्हीसांजेला. मौनानं धोका वाढतो. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली तर ते बहुधा निघून जातं. अचानक समोरासमोर आलं तर अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा तर पहाटे मोहाखाली तेच असतं. मौन अंगणात, कुंपणाच्या आत, बसून पाळा. चालायचं ते ऊन पडल्यावर, आठच्या पुढं, मोकळ्या रस्त्यानं, गावातला माहीतगार पुढं ठेवून आणि बोलत. चालताना वाकून काही वेचायचं नाही, खाली बसायचं नाही. जंगलात शिरायचं असेल तर वनरक्षकाला आधी विचारा, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू होतात तेव्हा काडीपेटी खिशात नको.

चालणं उपयोगाचं मात्र फार आहे. जोड्या करा : जाताना वीस मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, परतताना उलट. समोरासमोर बसून जे निघत नाही ते शेजारी शेजारी चालताना निघतं, कारण डोळ्यांत पाहावं लागत नाही.

जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी : मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. खाट मिळाली तर खाट, नाहीतर ताडपत्रीवर सतरंजी आणि चारी बाजूंनी खाली खोचलेली मच्छरदाणी. सकाळी चप्पल-बूट झाडून घालायचे, विंचवासाठी. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव हलू न देता 108 ला फोन, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का हे शिबिराआधीच फोनवर विचारून कागदावर लिहून ठेवलेलं हवं. मोबाइलची रेंज शेताच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यात येते, तेही.

प्रश्न : जेवणाचं प्रमाण सांगाल का? रोडगे करायचा सगळ्यांचा आग्रह आहे.
(स्वयंपाकाची जबाबदारी घेतलेल्या ताई, नेर)

रोडगे करा, पण रविवारी दुपारी, शेवटचं सत्र झाल्यावर. शनिवारी दुपारी रोडगे, वांग्याची भाजी आणि वर तूप असं जेवून पावणेचारच्या संवादात जागा राहणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

वीस जणांसाठी शनिवारची दुपार : ज्वारीचं पीठ सव्वातीन किलो (माणशी दोन भाकरी), तुरीची डाळ 800 ग्रॅम, भाजी तीन किलो, तांदूळ सव्वा किलो. रात्री सोलेभात : तांदूळ दोन किलो, तुरीचे सोले दीड किलो, त्यासाठी शेंगा साडेतीन-चार किलो आणाव्या लागतात. शेंगा सोलायला संध्याकाळी सगळ्यांनाच बसवा. हात गुंतले की गप्पा आपोआप सत्राकडं वळतात, आणि स्वयंपाकघरात एकट्या बायका अडकत नाहीत. डिसेंबर-जानेवारी सोडून सोले मिळाले नाहीत तर गोळाभात, म्हणजे बेसनाचे गोळे घातलेला भात.

रोडग्यांना जाडसर दळलेली कणीक पाच किलो, तेलाचं मोहन, ओवा, मीठ, हळद. सोबत वांगी चार किलो, वरणाला डाळ एक किलो, तूप पाऊण ते एक किलो. गोवऱ्या कोरड्या खडखडीत हव्यात. ओलसर असल्या तर धूर होतो आणि रोडगा बाहेरून काळा, आतून कच्चा राहतो. साडेदहाला पेटवा, ज्वाळ पूर्ण विझून निखारा झाला की साडेअकराला रोडगे घाला, मधे एकदा उलटा, पाऊण तासानं काढून फडक्यानं राख पुसा. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांवर, भाजायचा प्रयत्न करू नका, ती भडकते आणि लगेच विझते; शेकोटी पेटवायला मात्र छान.

चहा दोन दिवसांत माणशी पाच कप : दूध पाच लिटर, साखर एक किलो, चहापत्ती पाव किलो. दूध दोन हप्त्यांत आणा.

प्रश्न : माझी यायची इच्छा आहे, पण रात्रीच्या मुक्कामाला घरचे तयार नाहीत. दिवसा येऊन गेलं तर चालेल का?
(बी.ए.ची विद्यार्थिनी, वरूड तालुका)

चालेल, आणि संयोजकांनीच ही सोय ठेवावी : उतारा आणि संवादाचं पहिलं सत्र शनिवारी उजेडीच संपतं, रविवारी नऊला परत येता येतं. पण ताई, घरच्यांना सांगायचं असेल तर हे विचारून घ्या : स्त्रियांची झोपायची खोली वेगळी आणि आतून कडी असलेली आहे का, संडास खोलीपासून किती पावलांवर, संयोजकांत मुक्कामी राहणारी बाई कोण, तिचा फोन नंबर काय, आणि सरपंच व पोलीस पाटलांना कळवलं आहे का. जे संयोजक या प्रश्नांनी चिडतात त्यांच्याकडं दिवसाही जाऊ नका. एखादी मैत्रीण, काकू किंवा आईच सोबत आली तर आणखी बरं. संवादात आयांचे प्रसंग सर्वांत जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : शिबीर सेवाग्राम किंवा पवनारलाच घेतलं तर?
(वाचक, हिंगणघाट)

ती शिबिरासाठी भाड्यानं घ्यायची ठिकाणं नव्हेत. पवनारचं ब्रह्मविद्या मंदिर विनोबांनी 1959 मध्ये सुरू केलं. धाम नदीकाठचं हे स्त्रियांचं सामूहिक साधनेचं घर आहे आणि त्यांचा दिवस श्रम, स्वाध्याय, प्रार्थना यांनी आधीच भरलेला असतो. आधी विचारून, त्यांच्या वेळेनुसार, पाहुणे म्हणून जा. नोव्हेंबरच्या मध्यावर विनोबांच्या पुण्यतिथीच्या सुमारास गर्दी असते, तेव्हा नको. वीस जणांना घेऊन जायचंच असेल तर वर्ध्याजवळ गोपुरीचं गीताई मंदिर पाहा : मूर्ती नाही, छत नाही, उभ्या शिळांवर गीताईचे श्लोक कोरलेले. प्रत्येकानं एकट्यानं फिरून स्वतःला न पटणारा एक श्लोक उतरवून आणायचा, असं सांगा. पटणारा सगळेच आणतात.

प्रश्न : बोलता बोलता कुणाला रडू आलं तर? आमच्या भागात बऱ्याच घरांत दुःखद घटना घडल्या आहेत.
(आशा कार्यकर्ती, यवतमाळ जिल्हा)

म्हणूनच प्रसंग “संपलेला” हवा असा नियम आहे, आणि म्हणूनच मरण, कर्ज, आत्महत्या हे विषय पहिल्या शिबिराचा प्रश्न करू नयेत. तरी होतं. तसं झालं तर सत्र थांबवा. “यातून आपण काय शिकलो” असं कुणालाही म्हणू देऊ नका. ओळखीचं एक माणूस त्यांच्यासोबत बाजूला जाऊन बसेल, बाकीच्यांनी चहा घ्यायचा. परत यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, आणि परत आले तर प्रसंग दुसऱ्याचा घ्यायचा. चालकानं समुपदेशक व्हायला जाऊ नये. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चालकाच्या वहीत लिहिलेला असावा, आणि घरी परतल्यावर दोन-तीन दिवसांत कुणीतरी त्यांच्याकडं जाऊन यावं. तुमच्यासारखी आशाताई गटात असेल तर हे काम तुम्हाला सांगावं लागणार नाही.

प्रश्न : शेवटी प्रमाणपत्र द्यावं का?
(संयोजक, तिवसा तालुका)

नको. त्याच पैशात फळ्यावरच्या वाक्यांची झेरॉक्स होते. खोडलेली वाक्यंसुद्धा ठेवा, फक्त त्यांवर आडवी रेघ मारा. ज्याचा प्रसंग घेतला होता त्याला विचारूनच वाटा; तो नाही म्हणाला तर उजवी बाजू, म्हणजे तत्त्वांची तेवढी. महिन्याभरानं त्याच वीस जणांना दोन तासांसाठी बोलवा, कुणाच्याही ओसरीवर. बारा-तेरा येतील. ज्या वाक्यावर मतभेद उरला होता ते वाक्य त्या दिवशी पहिलं लिहा.